चोचीची दिशा

त्या मुलखात पाणी पुष्कळ होतं आणि मासळी थोडी. थोडी म्हणजे अगदीच नव्हती असं नाही, पण ती एका जागी टिकत नसे. आज पश्चिमेच्या खाजणात, तर उद्या पूर्वेच्या काळ्या डोहात, परवा उत्तरेला लव्हाळ्यांत कुठेतरी. एखाद्या पाखरानं एकट्यानं सगळं पाणी धुंडाळायचं म्हटलं, तर संध्याकाळी पंख गळून यायचे आणि पोट मात्र सकाळी होतं तसंच रिकामं. म्हणून तिथल्या पाणपाखरांनी फार पूर्वी एक रीत घालून घेतली होती.

पाण्याच्या मधोमध एक वठलेलं झाड उभं होतं. सांज झाली की सगळी पाखरं तिथं वस्तीला येत. रीत अशी, की ज्याला ज्या पाण्यात मासा मिळाला त्यानं त्या पाण्याकडे चोच करून झोपायचं. बोलायचं नाही, बढाया मारायच्या नाहीत. जो उपाशी आला त्यानं चोच खाली झुकवायची, त्यात लाज नव्हती. दिवस मावळताना कुणीही झाडाकडे एक नजर टाकावी, कुठल्या बाजूला चोची जास्त आहेत ते पाहावं आणि सकाळी तिकडचा रस्ता धरावा. म्हातारी, लंगडी, पहिल्यांदाच पिलं झालेली, अशी सगळी पाखरं या रीतीवर जगून गेली.

मग एका वर्षी पाणी आटलं आणि मासळी आणखी आक्रसली. त्या वर्षी कुणीतरी डोहात पोट भरून आलं आणि खाजणाकडे चोच करून डोळे मिटून बसलं. ते कोण, हे आजही कुणी छातीठोकपणे सांगत नाही, कारण जो तो दुसऱ्याचं नाव घेतो. पण दुसऱ्या दिवशी त्याला डोह एकट्याला मिळाला, हे शेजारच्या फांदीनं पाहिलं. अशी विद्या शिकवावी लागत नाही. हंगाम संपायच्या आत सगळं झाड खोटं झोपायला लागलं.

खोट्यानं मासळी काही वाढली नाही, वाढलं ते फक्त उडणं. पण शहाणपणाचा एकदा वारा लागला की एवढा हिशेब कोण करतो?

काजळी नावाची एक पाणकावळी त्या झाडाच्या मधल्या फांदीवर राहत असे. त्या वाईट हंगामात तिच्या घरट्यात पिलं होती. तिनं सांजेला पाहिलं तर भस्माची चोच खाजणाकडे. भस्मा हा राखी बगळा, झाडावरचा सगळ्यांत वडील, म्हणून सगळी त्याला अण्णा म्हणत. एका पायावर उभा राहून डोळे मिटले की असा दिसायचा की मासेसुद्धा पाया पडायला जवळ येत असावेत. अण्णांची चोच आहे म्हटल्यावर काजळीनं दुसरीकडे पाहिलंच नाही. सकाळी ती खाजणात गेली, दिवसभर बुड्या मारल्या आणि चिखलाखेरीज काही हाती लागलं नाही. मासळी हलली असेल, अण्णा कसे चुकतील, असं म्हणत ती दुसऱ्या दिवशीही तिथंच गेली. त्या दोन दिवसांत घरट्यातली पिलं एकेक करून मान टाकत गेली. वाचली ती एकटी शेवाळी.

काजळी भस्मापुढे जाऊन बसली. "अण्णा, तुम्ही डोहात जेवला होतात. तुमच्या पायांना डोहाचा काळा गाळ आहे."

भस्मानं एक डोळा उघडला. "दिवस वाईट आहेत, पोरी. ज्यानं त्यानं आपलं पाहावं. तूही पाहा." आणि त्यानं डोळा मिटला. त्याला लाज वाटली नाही. उलट आपण एक वडीलकीचा सल्ला दिला, असंच त्याला मनापासून वाटलं.

काजळी आपल्या फांदीवर परत आली. तिला इतका राग आला होता की त्या रागानं तिला ऊब येत होती. सूड घ्यायचा तर सोपं होतं. चोच फिरवायला काय लागतं? पण शेजारचं घरटं एका चिमुकल्या खंड्याचं होतं आणि त्यातही पिलं चिवचिवत होती. काजळी तो आवाज बराच वेळ ऐकत राहिली. मग ती शेवाळीला पंखाखाली घेऊन म्हणाली, "माझी पिलं एका चोचीनं मारली. माझी चोच कुणाची पिलं मारणार नाही." त्या दिवशी तिला डोहाच्या काठाशी दोन मासे मिळाले होते. तिनं चोच डोहाकडे केली आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी डोहावर कुणी फिरकलं नाही.

कारण तोवर झाडावर नवं शहाणपण आलं होतं. चोच पूर्वेला दिसली तर पश्चिमेला जा, एवढं सोपं. काजळी सकाळी जिथं खाई तिकडे सांजेला चोच करी, आणि थवा बरोबर उलट्या बाजूला उडून जाई. कधी उपाशी परते, तर कधी फिरती मासळीच नेमकी उलट्या बाजूला गेलेली असे. मग भस्मा म्हणे, "पाहिलंत? काजळीच्या उलट जावं." काजळी जितकी नेमानं खरी राहिली तितकं तिचं नाव पसरत गेलं, की सगळ्या झाडात तिच्यासारखी थापाडी दुसरी नाही.

पुढे पाखरांना वाटलं, चोच फिरवायचे तरी कष्ट कशाला? त्यांनी चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपायला सुरुवात केली. ताकाला जाऊन भांडं लपवायचा हा प्रकार सगळ्यांनाच आवडला. सांजेला झाडाकडे पाहावं तर मान नसलेली गाठोडी टांगल्यासारखी दिसत. उघडी चोच एकच उरली, काजळीची. त्यामुळे झालं असं, की सगळं झाड तिच्या एकटीच्या चोचीकडे पाही आणि सकाळी तिच्या उलट जाई.

त्या थव्यात शेवाळीही असे. ती आता मोठी झाली होती, बुडी मारण्यात आईच्या वरचढ होती. पण उडायची ती थव्याबरोबर, आपल्याच आईच्या चोचीच्या उलट दिशेला. एकदा ती म्हणाली, "आई, सगळी तुला काय म्हणतात माहितेय? पोहोचलेली म्हणतात. आणि ते कौतुकानं म्हणतात, याची मला जास्त लाज वाटते."

"तू माझ्याबरोबर एकदा येऊन बघ," काजळी म्हणाली.

"मला सांगशील ते खरं कशावरून?" शेवाळीनं विचारलं आणि ती वरच्या फांदीवर जाऊन चोच खुपसून बसली. काजळीला हे फार लागलं. भस्माचं बोलणं तिनं पचवलं होतं, हे पचेना.

असे दिवस चालले असता एकदा काजळी डोहात पोट भरून, खाजणावरून वळसा घेऊन घरी येत होती. खाजणाच्या तोंडाशी तिला पाण्यात ओळीनं रोवलेले खुंट दिसले. आदल्या दिवशी ते नव्हते. कुणी रोवले ते तिनं पाहिलं नाही, आणि त्या मुलखात ते कुणालाच कधी कळलं नाही. ती एका खुंटावर उतरली, मग बघू तरी म्हणून बुडी मारली. खाली जाळी होती. पाण्याच्या रंगाची, पाण्याइतकीच पातळ, खुंटापासून खुंटापर्यंत ताणलेली. तिच्यात एक परमुलखातलं बदक अडकून राहिलं होतं, डोळे उघडे ठेवून. काजळीचा पाय अडकला. तिनं धडपड केली आणि नशीब असं, की शेवटच्या वाकड्या खुंटाच्या बुडाशी जाळी फाटलेली होती. त्या फटीतून ती कशीबशी बाहेर आली.

ती झाडावर परतली. जाळीची भीती तर होतीच, पण तिला घाम फोडणारी गोष्ट वेगळी होती. आज ती डोहात जेवली होती. रीतीप्रमाणे चोच डोहाकडे, म्हणजे पूर्वेला करायची. आणि चोच पूर्वेला केली की उद्या सगळा थवा पश्चिमेला, सरळ खाजणात, सरळ त्या जाळीत. सगळ्यांत पुढे शेवाळी, कारण खोल बुडी मारायची तिलाच हौस.

काजळीनं त्या दिवशी न बोलायची रीत मोडली. ती फांदीवर ताठ उभी राहून म्हणाली, "उद्या खाजणात कुणी जाऊ नका. तिथं जाळी लागली आहे. मी आत्ता तिच्यातून सुटून आले."

मग पिसांच्या गाठोड्यांतून एक एक चोच बाहेर आली आणि हसू फुटलं.

"जाऊ नका म्हणते," भस्मा म्हणाला, "म्हणजे उद्या खाजणच."

काजळीनं शपथा घातल्या, मेलेल्या बदकाचं सांगितलं, पायावरचा वळ दाखवला. ती जितकं सांगे तितकी खाजणातली मासळी त्यांच्या डोळ्यांपुढे वाढत जाई. शेवटी सगळ्यांनी समाधानानं चोची खुपसल्या. शेवाळीनं आईकडे पाहिलंसुद्धा नाही.

शेजारचा खंड्या तेवढा सरकत सरकत जवळ आला. त्याची पिलं काजळीच्या खऱ्या चोचीवर वाढली होती. तो एकटा चोरून तिच्या दिशेनं जात असे, आणि ही गोष्ट त्यानं आजवर कुणाला सांगितली नव्हती. "काजळीताई," तो हळू म्हणाला, "सोपं आहे. आज चोच खाजणाकडे कर. बोलणं काहीही असो, सकाळी सगळी तुझ्या चोचीच्या उलट जातील, डोहावर. तुझी पोरगी वाचेल, सगळीच वाचतील. एकदाच तर करायचंय."

त्याचं म्हणणं बिनतोड होतं. काजळीनं मान हळूहळू पश्चिमेकडे वळवली. एवढीशी मान, पण ती वळवताना तिला सगळं अंग वळवल्यासारखं जड झालं. तिची नजर वर गेली. वरच्या फांदीवरच्या गाठोड्यातून एक डोळा तिच्याकडे पाहत होता. शेवाळी झोपली नव्हती. आई कुठे चोच करते ते ती पाहत होती, रोज पाहत असावी.

काजळी थांबली. आज हे वाचतील, तिनं विचार केला, आणि उद्या पोट भरून येऊन म्हणतील, बघा, काजळी खोटी ते बरं. मग परवा पुन्हा खोटं. एक दिवस जाळी डोहात लागेल, तेव्हा कुठली चोच करायची? आणि वरचा तो डोळा. आई आज डोहात जेवली, हे त्या पोरीला आईच्या पंखांच्या वासावरून आज ना उद्या कळलंच असतं. एकच चोच आपण तिच्यासाठी इतकी वर्षं जपली, ती आजच तिच्यादेखत मोडायची?

तिनं मान परत फिरवली आणि चोच पूर्वेला, डोहाकडे रोखली.

"अगं ताई, पोरगी जाईल ना त्यात," खंड्या रडवेला होऊन म्हणाला.

"तिच्या आधी मी जाईन," काजळी म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

फटफटायच्या आधीच ती निघाली. थवा खाजणावर आला तेव्हा ती मधल्या खुंटावर दोन्ही पंख पसरून, रस्ता अडवून उभी होती. तिला पाहून पाखरांच्या अंगात आणखीच जोर आला.

"राखण बसली आहे," भस्मा घिरट्या घालत म्हणाला. "रिकाम्या पाण्याची राखण कुणी करतं का?"

शेवाळीला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या झाडासमोर आपली आई अशी आडवी उभी राहावी, तेही माशांसाठी, याचा तिला संताप आला. ती थवा सोडून पुढे आली आणि पाण्यावर उतरून बुडी मारायला मान खाली घालणार, तोच काजळी म्हणाली, "शेवाळे, थांब. ऊन वर येईतो तुझं पाणी कुठे पळत नाही. आधी मी जाते. मी कुठे वर येते तेवढं बघ."

आणि तिनं पंख मिटले आणि खुंटाच्या पायाशी, जिथं जाऊ नका म्हणून ती घसा फोडत होती, नेमकी तिथं बुडी मारली.

खाली अंधुक हिरवा उजेड होता. जाळी दिसत नव्हती, अंगाला लागली तेव्हाच कळली. काजळीनं वाकड्या खुंटाच्या बाजूला अंग लोटलं. पाय सुटला तर पंख अडकला. पंख ओढला तर जाळी आणखी आवळली. वर पाण्याच्या पलीकडे पाखरांच्या सावल्या फिरत होत्या, आणि त्यांतली शेवाळीची कुठली ते ती शोधत होती. शेवाळी खाली येऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं. मेलेलं बदक तिच्या शेजारी संथ हलत होतं.

पाणकावळीचा दम मोठा, म्हणून पहिल्यांदा वर कुणाला काही वाटलं नाही. कुणीतरी म्हणालं, खात असेल पोटभर. मग खुंट हलायला लागला. एक हलला, मग त्याच्या शेजारचा, मग सगळी ओळ. भस्मा उथळ पाण्यात उतरत होता, त्यानं खाली सोडलेला पाय पुन्हा पोटाशी घेतला.

खाली काजळीला ती फट सापडली. फट लहान होती आणि आता पाठीवर जाळीही होती. पंख सोडवून घ्यायला वेळ नव्हता. तिनं सगळा जीव गोळा करून अंग ओढलं. उजव्या पंखात काहीतरी मोडलं, ते तिला ऐकू आलं. ती वाकड्या खुंटाच्या पलीकडे वर आली तेव्हा तिच्या अंगाभोवती जाळीचा एक तुकडा गुंडाळलेला होता, आणि त्या तुकड्याबरोबर ओढलं जाऊन ते बदकही वर तरंगून आलं.

शेवाळी तिच्याजवळ पोहोचली. चोचीनं एक एक धागा तोडत राहिली. त्या सकाळी खाजणात कुणी बुडी मारली नाही.

सांजेला काजळी सगळ्यांच्या शेवटी झाडावर आली. एका पंखावर तोल सावरत, तिरकी उडत आली, आणि शेवाळी सबंध वाट तिच्या खालून उडाली. दिवसभर तिनं काही खाल्लं नव्हतं. म्हणून तिनं रीतीप्रमाणे चोच खाली झुकवली. मोडलेला पंख मिटेना. तोल जाऊ नये म्हणून तिला दुसराही उघडा ठेवावा लागला. तशी दोन्ही पंख पसरून ती बसली. आता मनात आलं असतं तरी चोच लपवायला तिच्याजवळ जागा नव्हती.

खंड्यानं पहिल्यांदा चोच बाहेर काढली आणि लव्हाळ्यांकडे केली. त्याच्या शेजारच्यानं खंड्याकडे पाहिलं, काजळीकडे पाहिलं, आणि आपली चोच खाली झुकवली. तोही उपाशी होता, आणि बहुधा कितीतरी दिवस होता. भस्माची चोच काही त्या सांजेला बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी काजळीला उडवलं नाही. शेवाळी पहाटे एकटीच गेली, खंड्याच्या चोचीच्या दिशेनं, लव्हाळ्यांत. परत आली ती आईसाठी मासा घेऊन आली, आणि तिचं स्वतःचंही पोट भरलेलं होतं. मासा आईला भरवून ती तिच्या शेजारी बसली. झाडावरची पाखरं पाहत होती. शेवाळीनं चोच लव्हाळ्यांकडे केली. मग थोडं थांबून तिनं आपले दोन्ही पंख उघडले, आईसारखे, पार टोकापर्यंत, आणि तशीच राहिली.

"खरंच लव्हाळ्यांत?" भस्मानं खालच्या फांदीवरून विचारलं. त्याचा आवाज भुकेनं बारीक झाला होता.

शेवाळीनं पंख मिटले नाहीत, एवढंच.

उजाडलं तेव्हा थवा लव्हाळ्यांकडे निघाला. काजळी मोडका पंख पसरून झाडावर एकटी बसली होती, आणि तिच्या लेकीच्या चोचीनं दाखवलेल्या दिशेनं जाणाऱ्या पाठी मोजायचा प्रयत्न करत होती. सगळ्यांत मागे, जरा अंतर ठेवून, एक राखी पाठ होती.

काजळीचा पंख शेवटपर्यंत मिटला नाही. शेवाळीचे पंख धडधाकट होते, तिच्या पिलांचेही, आणि त्यांच्या पिलांचेही. तरी पाण्यातून पोट भरून आलं की ती सगळी खुंटावर, खडकावर, वठल्या फांदीवर दोन्ही पंख पसरून बसतात. पाहणारे म्हणतात, पंख वाळवत असतील. भर पावसातही ती तशीच बसलेली असतात.